कण्याची कैफियत

आपल्या शरीराचा जो भाग आपल्याला स्वतःला जन्मभरात एकदाही धड दिसत नाही, तो म्हणजे आपली पाठ. चेहरा आपण आरशात दिवसातून दहा वेळा न्याहाळतो, हातपाय तर सदाच डोळ्यांपुढे असतात. पाठ मात्र बिचारी नावाप्रमाणे मागेच राहिलेली! पण आपल्या भाषेने तिचा मान ठेवला आहे. संकटात धावून येतो तो पाठीराखा, धीर देते ते पाठबळ, कामाला लागायचे तर कंबर कसायची, आणि महागाईने मोडते तेही कंबरडेच. ज्याला स्वतःचे मत नाही त्याला कणाच नाही, असे आपण म्हणतो.

अशा पाठी आणि कंबरा तपासण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली. या काळात एक गोष्ट मनावर पक्की ठसली, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख. पाठीच्या बाबतीत आपण भितो खूप, पण भितो ते चुकीच्या जागी! जे दुखणे चार-सहा आठवड्यांत बहुधा आपोआप बरे व्हायचे, त्याच्या धास्तीने माणसे महिना महिना अंथरूण धरतात. आणि ज्या खुणा दिसताच त्याच दिवशी इस्पितळ गाठायला हवे, त्यांच्याकडे "वाताचे असेल, बघू दिवाळीनंतर" म्हणून काणाडोळा करतात. कुठे भ्यावे आणि कुठे भिऊ नये, एवढे जरी या पानांतून वाचकांच्या घरी पोहोचले तरी पुष्कळ झाले.

मडक्यांची उतरंड

जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असे. सर्वांत मोठे मडके तळाशी, त्यावर जरा लहान, त्यावर आणखी लहान. पाठीचा कणा ही अशीच एक उतरंड आहे. मानेचे ७ मणके, छातीचे १२ आणि कंबरेचे ५, हे झाले २४ सुटे मणके. त्यांच्याखाली ५ मणके एकजीव होऊन बनलेले त्रिकास्थी, आणि सर्वांत शेवटी बहुधा ४ चिमुकल्या मणक्यांचे माकडहाड. वरून खाली येताना ओझे वाढत जाते, म्हणून मणकेही थोराड होत जातात.

प्रत्येक मणक्याचे दोन भाग. पुढे हाडाचा भरीव ठोकळा. तो ओझे पेलतो. मागे हाडाची कमान. पाठीवरून बोट फिरवले की जे उंचवटे लागतात, ते या कमानींचे काटे. ठोकळा आणि कमान यांच्यामध्ये राहिलेली भोके एकाखाली एक आली की एक लांब नळी तयार होते. त्या नळीतून मेंदूकडून आलेला मज्जारज्जू खाली उतरतो. जाडीने करंगळीएवढा, पण पायांना हुकूम पोहोचवायचे आणि तिथली खबर मेंदूकडे न्यायची, हे सारे दळणवळण त्याच्यातूनच चालते. नवल असे की हा रज्जू नळीच्या तळापर्यंत जातच नाही. मोठ्या माणसात तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तिथून पुढे नुसता नसांचा झुपका लोंबत जातो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसला, म्हणून त्याचे लॅटिन नावही तेच पडले. हे घोड्याचे शेपूट लक्षात ठेवावे. पुढे त्याच्याशी गाठ आहे.

दोन ठोकळ्यांच्या मध्ये एकेक गादी असते. तीच डिस्क. बाहेरून कांद्याच्या पापुद्र्यांसारखी चिवट कडी आणि आत ओलसर गर. तरुणपणी या गरात सुमारे ८० टक्के पाणीच असते. दिवसभराच्या ओझ्याने त्यातले थोडे पाणी पिळून निघते, रात्री आडवे झालो की परत शोषले जाते. त्यामुळे सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर तरी उंच असतो! लग्नाच्या मुलाची उंची मोजायची झाल्यास ती सकाळीच मोजावी, असा माझा वरपक्षाला फुकटचा सल्ला आहे.

छाती ताठ, कंबर लवचीक

छातीच्या १२ मणक्यांना दोन्ही बाजूंनी बरगड्यांचा पिंजरा जोडलेला आहे. त्यामुळे हा भाग फारसा वाकत नाही. मात्र रस्त्यात कुणी हाक मारल्यावर आपण मागे वळून पाहतो, ते वळणे पुष्कळसे याच मणक्यांच्या जिवावर. कंबरेच्या ५ मणक्यांचे नेमके उलट. त्यांच्यामागच्या बारीक बिजागऱ्या अशा बसवलेल्या आहेत, की पुढे वाकणे आणि मागे होणे सुखाने जमते, पण पिळणे जवळजवळ नाही. वाकलेल्या अवस्थेत जड बादली उचलून तशीच बाजूला फिरवली की कंबर तक्रार करते ती यामुळे.

आता साधे गणित करून पाहा. १० किलोची बादली अंगापासून अर्धा मीटर पुढे धरली, तर तिला तोलण्यासाठी पाठीचे स्नायू मागून ओढतात. त्यांच्या हाती तरफेचा दांडा अवघा ५ सेंटिमीटरांचा. म्हणजे त्यांना ओढ लावावी लागते १०० किलोंच्या वजनाइतकी! तीच बादली पोटाशी धरली की हा बोजा निम्म्याहूनही कमी होतो. ओझे अंगाशी धरा, या एका वाक्यात व्यायामशाळेतले अर्धे शहाणपण आले.

बसण्याचेही तेच. स्वीडनमधले डॉ. नाशेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या कंबरेच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. आडवे पडल्यावर तो सर्वांत कमी आणि पुढे ओणवे होऊन बसले की उभे राहण्यापेक्षाही जास्त, असे त्यांना आढळले. पलंगावर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप घेऊन चार चार तास ओणवे बसणाऱ्या आपल्या चिरंजीवांना ही हकीकत अवश्य वाचून दाखवावी.

ताठ आणि लवचीक जिथे भेटतात

ताठ छाती संपून लवचीक कंबर सुरू होते, तो सांधा कण्याचा नाजूक भाग. धक्क्याचा सारा ताण तिथे गोळा होतो. छातीचे शेवटचे दोन आणि कंबरेचे पहिले दोन, या चार मणक्यांतच कण्याचे पुष्कळसे अस्थिभंग होतात. कोकणात नारळीवरून वा आंब्यावरून पडलेला गडी, परांचीवरून निसटलेला गवंडी, दहीहंडीच्या थरांतून कोसळलेला गोविंदा, सर्वांची जखम बहुधा इथलीच. माणूस उंचावरून टाचांवर आपटला आणि त्याचे टाचेचे हाड मोडले, तर डॉक्टर त्याची कंबरही तपासतात. कारण टाचेला बसलेला दणका वर चढत मणक्यापर्यंत पोहोचतो.

मोडलेला प्रत्येक मणका घातकच असतो असे मात्र नाही. अमेरिकेतील शस्त्रवैद्य डेनिस यांनी १९८३ मध्ये कण्याचे पुढचा, मधला आणि मागचा असे तीन खांब कल्पून हा हिशेब सोपा केला. फक्त पुढचा खांब दबला तर कणा बहुधा स्थिर राहतो. विश्रांती, औषध, कधी पट्टा, एवढ्यावर भागते. दोन किंवा तीन खांब गेले की मणके जागचे हलू शकतात, आणि आत मज्जारज्जू आहे! छातीच्या मधल्या भागात तर ती नळी इतकी अरुंद असते, की रज्जूला बाजूला सरकायलाही जागा नाही.

पडलेल्या माणसाला उचलताना

या लेखातले दुसरे काही विसरलात तरी चालेल, हे मात्र विसरू नका.

अपघात झाला की आपल्याकडे माणसे धावतात; ही आपल्या समाजाची मोठी चांगली गोष्ट. पण धावून करतात काय? एकजण काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो, आणि जखमी माणसाची झोळी करून त्याला रिक्षात कोंबतात. अशा वेळी मधला भाग, म्हणजे कणा, दुमडतो. हाड मोडलेले असते, पण रज्जू अजून शाबूत असू शकतो. पडण्याने जे झाले नाही, ते या उचलण्याने होते, आणि चालू शकला असता तो माणूस जन्माचा पांगळा होतो.

मग करावे काय? आधी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. जखमीला आहे तसा पडू द्या. एकाने त्याच्या डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके स्थिर धरावे आणि "हलू नका, मान वळवू नका, मदत येते आहे," असे सांगत राहावे. पायाची बोटे हलवता येतात का, पायाला हात लावलेला कळतो का, एवढे विचारून ठेवावे. पुढे डॉक्टरांना ते फार उपयोगी पडते. पाणी पाजू नये, आणि "बसा पाहू जरा" असा आग्रह तर मुळीच धरू नये.

आग, पाणी किंवा भरधाव वाहतूक यांच्या धोक्यातून हलवणे भागच पडले, तर ओंडक्यासारखे हलवावे. एकजण डोक्याशी, हुकूम त्याचा. तिघे एका बाजूला. एकाचे हात खांद्याशी, दुसऱ्याचे कंबरेशी, तिसऱ्याचे गुडघ्यांशी. "एक, दोन, तीन" म्हणताच सर्वांनी मिळून एकदम कुशीवर वळवायचे, मागून फळी किंवा दाराचे फळकूट सरकवायचे, आणि परत एकदम त्यावर उताणे करायचे. बेशुद्ध माणसाला उलटी होऊ लागली तरी त्याला असेच एकसंध कुशीवर वळवावे. उताणा ठेवला तर श्वास कोंडेल. पोलिसांच्या लचांडाची भीती बाळगू नये. मदतीला धावलेल्या माणसाला संरक्षण देणारे कलम मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्येच आले आहे.

डॉक्टर नुसते बघतच का बसतात?

पुष्कळ रोग्यांची माझ्यावर एक तक्रार असते. "आम्ही एवढा फोटो काढून आणला, आणि डॉक्टरांनी तो बाजूला ठेवून आम्हाला चालायला काय लावले, वाकायला काय लावले!" वाचकहो, या चालण्या-वाकण्यातच खरी मेख आहे.

रोगी दारातून आत येतो, तेव्हापासून तपासणी सुरू होते. एका बाजूला झुकून येतो का? खुर्चीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतो का? मग प्रश्न. दुखणे कधीपासून? काही उचलले, पडलात? दुखणे पायात उतरते का, आणि गुडघ्याच्या खाली जाते का? रात्री झोपेतून जागे करते का? ताप, वजन घटणे? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, जो ऐकून माणसे लाजतात, तो म्हणजे लघवी-शौचाची भावना नीट आहे ना?

मग पाठ उघडी करून मागून पाहायचे. दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का, कंबरेवरच्या दोन खळ्या समोरासमोर आहेत का. काट्यांवरून बोट फिरवायचे, आणि प्रत्येक मणक्यावर मुठीने हलकेच ठोकायचे. एकाच मणक्यावर रोगी कळवळला तर माझे कान टवकारतात. मोजपट्टीचीही एक युक्ती आहे. कंबरेच्या खळ्यांच्या पातळीवर एक खूण करायची, तिच्यावर १० सेंटिमीटरांवर दुसरी. रोग्याने पुढे वाकले की हे अंतर १५ च्या आसपास जायला हवे. श्कोबर नावाच्या डॉक्टरांनी १९३७ मध्ये ही रीत सांगितली. विशी-पंचविशीचा तरुण सकाळी लाकडासारखा ताठ उठतो, हालचाल केली की मोकळा होतो, विश्रांतीने उलट अधिक आखडतो, आणि पट्टी १२ च्या पुढे सरकत नाही, तेव्हा तो कामचुकार नसतो. त्याला कण्याच्या संधिवाताची शंका असते. त्यावर आज चांगली औषधे आहेत. मात्र निदान लवकर व्हायला हवे.

नंतर रोग्याला उताणे निजवून, गुडघा सरळ ठेवून, पाय हळूहळू वर उचलायचा. त्यामुळे मांडीच्या मागून जाणारी मोठी नस ताणली जाते. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली वीज चमकल्यासारखी कळ गेली, तर कंबरेची एखादी गादी त्या नसेच्या मुळावर दाबते आहे असा संशय बळावतो. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली तर तो आणखी बळावतो. पॅरिसचे डॉक्टर लासेग यांच्या शिष्याने १८८१ मध्ये वर्णन केलेली ही खूण आजही तितकीच कामाची आहे. फुटलेली गादी नसेवर दाबून असे दुखणे होते, हे मात्र जगाला नीट पटले ते १९३४ मध्ये, बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या जोडीच्या लेखानंतर.

आता कोणती नस, हे कसे कळते? अंगावरच्या कातडीचा जणू सातबारा लिहून ठेवलेला आहे! छातीच्या दहाव्या नसेची जमीन बेंबीच्या पातळीवर. कंबरेच्या चौथ्या नसेची पोटरीच्या आतल्या बाजूला, पाचवीची पावलावर आणि अंगठ्याकडे. त्रिकास्थीच्या पहिल्या नसेची करंगळीच्या कडेला. कापसाचा बोळा फिरवून कुठे कळत नाही ते पाहायचे. अंगठा वर उचलण्याची ताकद पाचवीची, टाच उचलून चवड्यांवर चालण्याची ताकद त्रिकास्थीच्या पहिलीची. गुडघ्यावरची हातोडी मुख्यतः चौथीची बातमी देते, टाचेमागची त्रिकास्थीच्या पहिलीची. हे सारे जुळले की दहा मिनिटांत, एक पैशाचे यंत्र न लावता, गुन्हेगाराचा पत्ता बहुधा लागतो.

"मणक्यात गॅप आलीय हो!"

मग तो महागडा एम.आर.आय. कशासाठी? जेव्हा गरज असते तेव्हा त्याच्यासारखा मित्र नाही. पण गरज नसताना काढलेला तो फोटो माणसाला विनाकारण रोगी करतो. अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एम.आर.आय. काढले, तेव्हा सगळ्या गाद्या निर्दोष निघाल्या त्या फक्त ३६ टक्के लोकांच्या! निम्म्याहून अधिक लोकांची कुठली ना कुठली गादी फुगलेली होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. डोक्याचे केस पिकतात तशा गाद्याही पिकतात. पण "मणक्यात गॅप आलीय हो, डॉक्टर!" असे सांगत हातात फोटो घेऊन येणाऱ्या गृहस्थांचा चेहरा, घर लिलावात निघाल्यासारखा असतो.

विश्रांतीचेही तसेच. १९८६ मध्ये अमेरिकेतच कंबर धरलेल्या २०३ रोग्यांची पाहणी झाली. काहींना दोन दिवस अंथरुणात राहायला सांगितले, काहींना सात. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले, आणि बाकी बरे होण्यात काही फरक पडला नाही. तेव्हा लचक भरली, कंबर धरली, तर दुखण्यापुरते थांबावे, शेकावे, डॉक्टरांना विचारून वेदनाशामक गोळी घ्यावी, आणि जमेल तसे चालते-फिरते राहावे.

आपल्याकडे लचक भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची जुनी चाल आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याच्या पायाने गुण येतो, तो बहुधा चार दिवसांत यायचाच होता, म्हणून! नुसता पाय लावला तर माझी हरकत नाही. पण कुणी पाठीवर लाथ मारील, उभा राहील किंवा कडकड मणके मोडील, तर त्याला हात जोडावेत. आतला मणका आधीच पोखरलेला असला तर त्याचे परिणाम भयंकर होतात.

ज्या खुणा थांबत नाहीत

ऑस्ट्रेलियात नव्याने कंबर धरलेल्या १,१७२ रोग्यांवर डॉक्टरांनी लक्ष ठेवले, तेव्हा गंभीर आजार निघाले अवघ्या ११ जणांत. हा आकडा धीर देणारा आहे. पण आपल्या देशात क्षयरोग आहे, म्हणून आपण थोडे अधिक सावध असावे.

पहिली खूण त्या घोड्याच्या शेपटीची. मोठी गादी फुटून हा नसांचा झुपका चिरडला, तर घोड्यावर बसताना खोगिराला टेकतो तेवढा भाग, म्हणजे बैठक आणि जांघा, बधिर होतो. लघवी तुंबते किंवा नकळत होते, दोन्ही पाय लुळे पडू लागतात. इथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब आहे. रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठे इस्पितळ गाठावे. शस्त्रक्रियेला उशीर झाला, तर पाय सुधारले तरी लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

दुसरी खूण क्षयाची. पाठीत हळूहळू वाढणारे दुखणे, रात्री अधिक, संध्याकाळी कणकण, वजन उतरते, भूक नाही, आणि पुढे एका जागी पाठीला कोंब आल्यासारखा उंचवटा. लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये या आजाराचे आणि त्याने येणाऱ्या पांगळेपणाचे वर्णन केले. लहान मुलात तो ओळखायची एक घरगुती युक्ती आहे. जमिनीवर नाणे टाकून उचलायला सांगावे. निरोगी मूल कंबरेत वाकते; मणका पोखरलेले मूल पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसते आणि मग उचलते. घाबरण्याचे कारण नाही. वाराणसीच्या डॉ. तुली यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले, की यातले पुष्कळ रोगी औषधांनीच बरे होतात. शस्त्रक्रिया निवडक जणांनाच लागते. औषधे सरकारी क्षयरोग केंद्रात मोफत मिळतात. अट एकच: बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडायची नाहीत.

याखेरीज पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्या माणसाला नव्याने पाठदुखी लागली, किंवा पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होऊ लागली, तर वाट पाहू नये.

आजीची उंची

मुलांची उंची आपण दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहून ठेवतो. तशी आजीची का ठेवू नये? पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे विरळ होत जातात. मग पाण्याची बादली उचलताना, खड्ड्यात बस आदळल्यावर, कधी नुसत्या ठसक्याच्या खोकल्यानेही मणका दबतो. पुष्कळदा तो दबल्याचे कुणाला कळतही नाही. "वयोमानाने पाठीला बाक आला," एवढ्यावर विषय संपतो. पण तो बाक म्हणजे कित्येकदा एकामागून एक मोडलेल्या मणक्यांची नोंद असते. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटरांहून अधिक घट दिसली, तर एक्स-रे काढून पाहावा आणि हाडांची घनता मोजावी. एक मणका मोडला की पुढचा मोडण्याची शक्यता वाढते, आणि ती रोखणारी औषधे आहेत. तोवर एस.टी.मध्ये आजींना शेवटच्या बाकावर बसवू नका. मागच्या चाकांच्याही मागे असलेली ती जागा प्रत्येक खड्ड्यात सर्वांत उंच उडते. आणि दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरची ट्रंक काढायला आजींनी स्टुलावर चढायचे नाही, असा घरात ठरावच करून टाका.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मुलांच्या पाठीला तेल लावताना आयांनी आणखी एक गोष्ट पाहावी. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलाला, विशेषतः मुलीला, दोन्ही हात जोडून पुढे वाकायला सांगून मागून बघावे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर कणा बाजूला वळत असण्याची शक्यता असते. इंग्लंडच्या विल्यम ॲडम्स यांनी १८६५ मध्ये सांगितलेली ही परीक्षा आहे. वाढीच्या वयात हे लक्षात आले तर पट्ट्याने वळण रोखता येते. वाढ संपल्यावर लक्षात आले तर ती संधी गेलेली असते.

कणा मोडला तरी

शेवटी ज्यांचा मज्जारज्जू खरोखरच दुखावला, त्यांच्याविषयी. एके काळी अशा जखमींपैकी बहुतेकजण शय्याव्रण आणि मूत्रमार्गाच्या विकारांनी काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावत. जर्मनीतून परागंदा झालेले डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल इथे त्यांच्यासाठी खास विभाग उघडला. दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची, लघवीची स्वच्छता कसोशीने पाळायची, आणि रोग्याला रडत पडू द्यायचे नाही, असा त्यांचा खाक्या. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना त्यांनी आपल्या इस्पितळाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतल्या १६ जणांचे धनुर्विद्येचे सामने लावले. आजचे पॅरालिंपिक त्यातूनच उभे राहिले.

आणि त्या मैदानावर भारताचे पहिले सुवर्णपदक कुणी आणले? आपल्या सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकरांनी! १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या शरीराचा खालचा भाग निकामी झाला. मुष्टियोद्धा असलेला हा जवान मग पाण्यात उतरला, आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्याने विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. २०१८ मध्ये देशाने त्यांना पद्मश्री दिली.

तेव्हा कंबर दुखली म्हणून हातपाय गाळू नका, आणि पाय बधिर झाला तर दिवाळी संपायची वाट पाहू नका. रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर धावा जरूर. फक्त उचलण्यापूर्वी त्याचा कणा आठवा.